कंदीसा, माँ रेवा आणि कुर्डीची वाट

दिवस पहिला, गुरुवार

आजरा मागे पडून आंबोलीचा घाट उतरायला लागलो की मी कानात हेडफोन घालते. पंचवीस वर्षांची सवय आहे ही. आधी वॉकमन होता, मग एमपीथ्री प्लेयर आला, आता फोन आहे, गाणी तीच. या वेळी मात्र पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली एक कॅसेटही होती. ती माझी नव्हे. २००० साली पुण्यात इंजिनिअरिंगला असताना वर्गातल्या एका मित्राकडून दोन दिवसांसाठी घेतली होती आणि परत द्यायची राहून गेली. शहाद्याचं आमचं घर या फेब्रुवारीत रिकामं केलं, तेव्हा आईच्या शिवणाच्या डब्याखाली सापडली. आतल्या कागदावर निळ्या बॉलपेनने त्याचं नाव, आणि खाली गावाचं नाव: कुर्डी.

कॅसेट इंडियन ओशनची. 'कंदीसा'.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं, आणि हे सांगायचा मला कधी कंटाळा येत नाही. सुश्मित सेन आणि असीम चक्रवर्ती हे दोघं १९८४ पासून दिल्लीत एकत्र वाजवत होते. १९९० मध्ये इंडियन ओशन या नावाने बँड उभा राहिला. पुढच्या वर्षी राहुल राम बेस गिटार घेऊन आला आणि १९९४ मध्ये अमित किलम ड्रम्सवर बसला. हे चौघं म्हणजे माझं इंडियन ओशन. रॉक म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे फारच थोडं होतं. मधोमध एक माणूस मांडी घालून बसलेला, तबल्यावर हात चालू आणि त्याच दमात गाणंही त्याचंच. तो असीम. सुश्मितची गिटार कुठेच ओरडत नाही. सतारीचा बाज कळलेल्या माणसाने पाश्चात्त्य तारा छेडाव्यात तशी चालते. आणि खाली राहुलचा बेस, जो कानाआधी बरगड्यांना लागतो.

पण मी या बँडची झाले ती वेगळ्याच कारणाने. राहुल राम अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणातल्या विषद्रव्यांवर डॉक्टरेट करून परत आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात काही वर्षं राहिला. 'माँ रेवा' हे गाणं त्या खोऱ्यातलं आहे, नर्मदेकाठचं लोकगीत. मी शहाद्याची. आमच्या जिल्ह्याची उत्तरेची सीमा म्हणजे नर्मदा. वडील शाळेत शिकवायचे. धडगाव, अक्कलकुव्याकडची डोंगरातली पोरं त्यांच्या वर्गात असत. नर्मदेकाठच्या मणिबेलीत धरणाचं पाणी चढलं त्या वर्षांत त्यातली काही मधूनच शाळा सोडून गेली. घरी मोर्च्यांची चर्चा चाले, दोन्ही बाजूंनी, कधी आवाज चढवून. आणि मग पुण्याच्या खोलीत, घरापासून इतक्या लांब, रात्री अकरा वाजता कॅसेटमधून ती नदी आली. मी पलंगावर उठून बसले होते. आमची नदी गाण्यात येऊ शकते, ती अशा गिटारवर येऊ शकते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि सरदार सरोवर धरणाची भिंत पुढे चढवायला परवानगी मिळाली. त्या आठवड्यात मी ती बाजू किती वेळा उलटली त्याचा हिशेब नाही. कॅसेट परत द्यायची राहिली ती अशी.

कॅसेटवाल्या मित्राला वर्गात सगळे 'गोंयकार', म्हणजे गोव्याचा, म्हणायचे. मीही इथे तेच म्हणते.

बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा. बाहेर मे महिन्याचा घाम आणि प्रत्येक वळणावर फणस. संध्याकाळी पणजीच्या कदंबा स्टँडवर गोंयकार उभा होता, केस निम्मे पिकलेले. म्हणाला, "आणलीस?" मी पर्सवर हात ठेवला. "आत्ता देऊ नकोस," म्हणाला, "घरी चल, आईसमोर दे."

दिवस दुसरा, शुक्रवार

सांग्याला, गोंयकाराच्या घराकडे, जायच्या आधी मला रायबंदरला जायचं होतं. हे माझं जुनं ठरवलेलं काम. गोंयकाराला ते माहीत नव्हतं, तो म्हणाला, "रायबंदरला काय आहे? फेरीबोट?"

'कंदीसा' या शीर्षकगीताची भाषा सिरियाक आहे, म्हणजे येशूच्या बोलीभाषेची, अरामीची, एक शाखा. केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांची ही जुनी प्रार्थना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता, आणि तरी मी पाठ केलं होतं. पुढे अर्थ शोधला: पवित्र देव, पवित्र सामर्थ्यवान, पवित्र अमर. अर्थ शोधता शोधता गोवा सापडला. जून १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप आलेक्सु दि मिनेझिश केरळात गेला आणि उदयंपेरूरला धर्मसभा भरवली. सिरियन ख्रिस्ती लोकांनी रोमच्या शिस्तीत यावं, हा हेतू. त्यांची सिरियाक पुस्तकं तपासली गेली, दोषी ठरलेली जाळली गेली. म्हणजे ज्या परंपरेची प्रार्थना मी इतकी वर्षं कानाशी धरून बसले, त्या परंपरेच्या पोथ्यांना लागलेल्या आगीची आज्ञा जिथून निघाली ते हे शहर. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल पूर्वी पाहिलं होतं तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आज सकाळी तिथे पुन्हा उभी राहिले. भव्य आहे, यात वाद नाही. पण माझ्याने आत फार वेळ थांबवलं नाही.

रायबंदर मात्र थांबवून घेतं. पणजीहून जाताना सतराव्या शतकातला तो लांबलचक बांध, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. रायबंदरचं सेंट मेरीज ऑर्थोडॉक्स सिरियन चर्च, गोव्याच्या मोठ्या पांढऱ्या चर्चांच्या मानाने, साधं आहे. तिथे पाद्री आल्वारिश यांच्या अस्थी आहेत.

या माणसाबद्दल मी गेली दहा वर्षं वाचते आहे. आंतोनियो फ्रान्सिस्क शाव्हियेर आल्वारिश, जन्म १८३६, गाव वेर्णे. रोमन कॅथलिक पाद्री. वर्तमानपत्रं काढली, पोर्तुगीज सरकारवर लिहिलं, अटक झाली. पटकीच्या रोग्यांची सेवा केली, त्या रोगावर लोकांसाठी पुस्तिका लिहिली. शेवटी आपल्या चर्चशी इतकं फाटलं की ते सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, आणि १८८९ मध्ये कोट्टायमला बिशप झाले, मार जूलियस हे नाव घेऊन. १९२३ मध्ये इथेच, रायबंदरच्या इस्पितळात, गेले. ज्या गोव्याने १५९९ मध्ये सिरियाक पोथ्यांवर निकाल दिला, त्याच गोव्याच्या मातीतला एक पाद्री तीनशे वर्षांनी त्या लोकांत जाऊन त्यांची प्रार्थना म्हणू लागला. माझ्या लेखी हे एका गाण्याचंच चरित्र आहे.

आत एक वयस्क मल्याळी गृहस्थ फुलं बदलत होते. हिंदीत बोललो. मी इथे कशाला आले ते सांगताना जीभ अडखळत होती, कारण सांगायचं होतं एका रॉक बँडबद्दल आणि उभी होते एका बिशपच्या थडग्यापाशी. पण त्यांनी मध्येच विचारलं, "कौनसा गाना?" मी फोन काढणार होते, मग राहू दिला. हळू आवाजात पहिली ओळ म्हटली. कंदीसा आलाहा.

त्यांनी हातातली फुलं खाली ठेवली. म्हणाले, हमारे यहाँ ऐसे बोलते हैं, आणि तेच शब्द म्हटले: कादीशात आलोहो. कंदीसाचं कादीशात, आलाहाचं आलोहो. हा फरक मला वाचून माहीत होता. सिरियाकच्या पूर्वेकडच्या उच्चारात जिथे आ, तिथे पश्चिमेकडे ओ. मिनेझिशच्या धर्मसभेनंतर धुमसत राहिलेला राग १६५३ मध्ये केरळातल्या मट्टांचेरीच्या वाकड्या क्रुसापाशी शपथेत बाहेर पडला. रोमपासून तुटलेल्यांनी पुढे अँटिओकच्या सिरियन चर्चशी नातं जोडलं आणि त्यांच्या तोंडी हळूहळू पश्चिमेकडचा उच्चार आला. माझ्या कॅसेटमधला उच्चार त्याहून जुना, त्या फुटीच्या आधीचा. कागदावर हे कळणं वेगळं आणि रायबंदरच्या त्या थंड फरशीवर, दुपारी साडेबाराला, एका माणसाच्या तोंडून तो 'ओ' ऐकणं वेगळं. त्यांनी मला पूर्ण प्रार्थना तीनदा म्हणायला लावली, त्यांच्या उच्चारात. चुकले की डोकं हलवायचे आणि पुन्हा.

बाहेर आल्यावर गोंयकार म्हणाला, "तू रडलीस." मी म्हटलं, "हो."

फेरीबोटीच्या धक्क्याजवळ भाजी-पाव खाल्ले. त्याने विचारलं, मग आजवर हे मला का नाही सांगितलंस? तिथून बोलणं असीमवर गेलं, आणि असीमवर गेलं की आमचं दोघांचं बोलणं थांबतं.

ते इथे लिहायला हवं. २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. मला ती बातमी गोंयकारानेच फोन करून सांगितली. मागे नाताळच्या गाण्यांचा आवाज येत होता. पुढच्या वर्षी बँडने '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम काढला. करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करायचे त्याचा हा पत्ता. अल्बम विकला नाही. दर महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर, फुकट. सात गाणी. असीमचा आवाज त्यात होता, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला. म्हणजे माणूस गेल्यावर सात महिने त्याचा आवाज हप्त्याने येत राहिला. मी दर महिन्याला कॉलेज सुटल्यावर कोल्हापुरातल्या एका सायबर कॅफेत जाऊन ते उतरवून घ्यायचे. सातव्या महिन्यात गाणं उतरवलं आणि आठ दिवस ऐकलं नाही. ऐकलं की संपणार होतं.

असीमची जागा एका माणसाने भरली नाही. गळा हिमांशू जोशीचा आला, तबला तुहिन चक्रवर्तीचा. २०१३ मध्ये सुश्मितही बाहेर पडला, निखिल राव आला. तेव्हा मी थांबले. २०१४ चा 'तंदनु' मी घेतला नाही. गोंयकार म्हणाला, एकदा ऐक तरी. मी म्हटलं, हे ते नव्हेत. तो म्हणाला, तुझं प्रेम माणसांवर आहे, गाण्यावर नाही. मी म्हटलं, असीमचा गळा आणि गाणं हे तुला वेगळं करता येतं? हे भांडण नव्हतं, पण तेव्हापासून आम्ही एकमेकांना गाणी पाठवणं बंद केलं. वाढदिवसाला फोन आणि मे महिन्यात त्याचा एक निरोप, एवढंच उरलं. निरोप ठरलेला: "उदक देंवलां गो, येता मगे?" पाणी उतरलंय, येतेस ना?

मी कधी गेले नाही. पेपर तपासणी असायची, खरंच असायची. पण ते पुरेसं कारण नव्हतं.

दिवस तिसरा, शनिवार

मडगाव, कुडचडे, सांगे. खाणपट्ट्यातला रस्ता आणि मग एकदम हिरवं. कुळागरांत माड, पोफळी, मिरवेल.

साळावली धरण दुपारी पाहिलं. पावसाळ्यात याच्या अर्धगोल सांडव्यातून पाणी पडतं ते बघायला बसेस भरून लोक येतात. आत्ता तोंड कोरडं, काँक्रीटवर नुसते पाण्याचे जुने काळे ओघळ. दक्षिण गोव्याला पाणी इथून जातं. धरणाजवळच कुर्डीचं प्राचीन महादेव मंदिर आहे. ते मूळचं इथलं नाही. कुर्डी गाव धरणात बुडणार म्हणून पुरातत्त्व खात्याने ते उतरवलं आणि एकेक दगड इथे आणून पुन्हा रचलं. मंदिर सुरेख आहे. मी दगडांवरचे आकडे दिसतात का ते शोधत राहिले. दिसले नाहीत. गोंयकार म्हणाला, "देवाचं बरं झालं बघ. त्याला जसाच्या तसा आणला."

कुर्डीची माणसं वाडे आणि वालकिणी इथे आणून वसवली. गोंयकाराचं घर वालकिणीत. कुर्डी सोडली तेव्हा तो रांगत होता, त्यामुळे गाव त्याला आठवत नाही. आठवतं ते आईला. आई आता अठ्ठ्याहत्तरच्या. दारातच म्हणाल्या, "जेवण जालें?" आणि उत्तराची वाट न बघता पानं मांडली. उकड्या तांदळाची शीत-कडी, सुंगटांचं हुमण, आंब्याचं सासव. मानकुराद आंबे संपत आले होते, तरी दोन राखून ठेवलेले. वहिनी म्हणाली, तीन दिवस झाले, हात लावू देत नाहीत कोणाला.

जेवणानंतर मी कॅसेट काढली. गोंयकाराने ती हातात घेतली, आतला कागद उघडला, स्वतःचं अक्षर बघितलं. मग आईंच्या हाती दिली. आई मराठी पेपर वाचतात, चष्मा लावून त्यांनी वाचलं: कुर्डी. काही बोलल्या नाहीत. आतून त्यांचा टेपरेकॉर्डर आणायला सांगितला. भजनाच्या कॅसेटींसाठी त्यांनी तो जपून ठेवलाय. वर क्रोशाचं झाकण.

मला भीती होती. पंचवीस वर्षं पडून राहिलेली फीत, गुंडाळली जाईल, तुटेल. गोंयकाराने पेन्सिल घालून दोन्ही बाजू हलक्या हाताने सैल केल्या, जशा तेव्हा करायचो. आणि लागली. आवाज थोडा जड, थोडा खाली गेलेला, सुरुवातीला एक लाटेसारखी थरथर, मग सावरली. पाळीपाळीने एकेक गाणं गेलं. आई सुपारी कातरत होत्या. 'माँ रेवा' सुरू झालं तेव्हा अडकित्ता थांबला. गाण्यात दुसरं काही नाही, नदीचं पाणी निर्मळ आहे आणि ती वाहते आहे, एवढंच आहे.

"ही खंयची न्हंय?" त्यांनी विचारलं. कुठली नदी ही?

नर्मदा, मी म्हटलं. आमच्याकडची. तिच्यावरही धरण झालं. तिथली माणसं हे गात होती, आणि हा जो मोठा तारांचा आवाज आहे ना, तो वाजवणारा माणूस त्यांच्यात राहिला होता.

आईंनी परत लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्या बोलायला लागल्या. गावात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आले होते ते. सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं, तुमचं गाव जाईल पण सगळ्या दक्षिण गोव्याला पाणी मिळेल. लोकांनी ऐकून घेतलं. भाऊसाहेबांच्या शब्दापुढे कोण बोलणार? सामान बैलगाडीने, ट्रकने. तुळशीवृंदावन उपटता येईना म्हणून नुसती तुळस आणली, मुळाशी कुर्डीची माती ठेवून. ती तुळस मेली, तिच्या बियांची आताची आहे. अंगणात होती, मी नंतर जाऊन बघितली.

नर्मदेच्या खोऱ्यात इतकी वर्षं लढा झाला आणि इथे लोक मान डोलावून उठले, हे मला रात्री झोपू देईना. कोणाचं बरोबर, असा तो विचार नव्हता. माझ्या वडिलांच्या वर्गातून निघून गेलेली पोरं आणि या आई, यांना मी आयुष्यात पहिल्यांदा एका ठिकाणी बघत होते. आणि गोंयकाराने २००० साली ही कॅसेट मला का दिली होती, तेही. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "यातलं चौथं-पाचवं ऐकू नकोस, शेवटपर्यंत जा." त्याचं गाव पाण्याखाली आहे, हे त्याने मला सांगितलं दोन वर्षांनी.

दिवस चौथा, रविवार

कुर्डीला मे महिन्यात सोमेश्वराचा उत्सव होतो. पाणी उतरलेलं असतं, गाव वर आलेलं असतं, आणि गोव्यात कुठे कुठे पांगलेली माणसं त्या दिवशी येतात. ख्रिस्ती कुटुंबं त्यांच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराच्या, फेस्ताला येतात. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, तिन्ही वस्त्या होत्या गावात.

सकाळी सातला निघालो, आई पुढच्या सीटवर. डांबर संपलं, मग लाल माती, मग नुसता वाळलेला गाळ, भेगा पडलेला. त्यात माडांचे खुंट उभे, काळे, शेंडा नसलेले. घरांचे जोते दिसतात, जांभ्याचे, भिंती नाहीत. विहिरीचं तोंड. एक पाटा पडलेला होता, मधोमध झिजलेला. १९८६ मध्ये पाणी चढलं त्यानंतर दर वर्षी दहा-अकरा महिने हे सगळं तळाला असतं आणि वर्षाकाठी जेमतेम एक महिना असं उघडं पडतं.

आई काठी टेकत सरळ चालत गेल्या. कुठे वळायचं हे त्यांना विचारावं लागलं नाही. एका जोत्यापाशी थांबून म्हणाल्या, "आमचें घर हांगा आशिल्लें." मग हाताने: इथे ओटा, इथे चूल, इथे गुरं. गोंयकार त्या चुलीच्या जागेवर उकिडवा बसला. मी बाजूला झाले.

थोड्या अंतरावर मोगूबाई कुर्डीकरांच्या घराची जागा दाखवतात. मोगूबाई १९०४ मध्ये या गावात जन्मल्या. पुढे अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, जयपूर-अत्रौली घराण्याचं एवढं मोठं नाव झाल्या, किशोरीताई आमोणकरांच्या आई आणि गुरू. गाव बुडालं तेव्हा त्या हयात होत्या. २००१ मध्ये गेल्या. कुर्डी हे नाव आज ज्यांना माहीत आहे त्यांतल्या बहुतेकांना ते एका गायिकेच्या आडनावातून माहीत आहे. मी त्या जांभ्याच्या रांगेपाशी बराच वेळ उभी राहिले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि सावली द्यायला एकही पान नव्हतं.

सोमेश्वराच्या देवळापुढे मांडव घातला होता, माणसं चारशे-पाचशे तरी. पूजा, आरती, मग भजन. पेटीवर एक म्हातारे होते, टाळ सात-आठ जणांकडे. पखवाज मात्र एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे. गोंयकार कानाशी लागून म्हणाला, पूर्वीचे पखवाजवाले दोन वर्षांमागे गेले. हा त्यांच्या जवळपासचाही नाही, वाडे गावचा पोरगा, तिथेच जन्मला, याने कुर्डी फक्त अशी मे महिन्यातलीच बघितली आहे.

मुलगा आधी घाबरलेला दिसत होता, पहिल्या अभंगात थाप दोनदा निसटली. पेटीवाल्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, नुसती लय धरून ठेवली. दुसऱ्या अभंगात तो सावरला. तिसऱ्यात त्याने स्वतःहून एक उठाण घेतली, जोरकस, थोडी जास्तच जोरकस, आणि टाळवाले हसून तिच्यात शिरले. पुढे बसलेल्या बायका हात उचलून टाळ्या धरू लागल्या. आई त्यांच्यात होत्या. सगळे गात होते. जुन्या पखवाजवाल्याच्या बायकोलाही मला कोणीतरी दाखवलं, पहिल्याच रांगेत. त्याही गात होत्या.

मी गाणं ऐकत होते की त्या बाईंकडे बघत होते, सांगता येणार नाही. घसा दाटून आला होता. पुण्यात एका कॉलेजच्या मैदानावर असीमला पहिल्यांदा समोर ऐकलं तेव्हाही असंच झालं होतं. 'कंदीसा'त शेवटी सगळे आवाज एकमेकांवर चढत जातात, तिथे आजूबाजूची हजार-दोन हजार पोरं, अर्थ न कळता, ते शब्द त्याच्याबरोबर म्हणत होती, आणि तो डोळे मिटून तबल्यावर वाकला होता.

प्रसादाचं जेवण झालं, खतखतं आणि भात, गाळावर पंगती. कपेलाच्या बाजूने दोन कुटुंबं चालत आली, आईंच्या शेजारी बसली. एका बाईने आईंचा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. दोघी एका विहिरीवर पाणी भरायच्या म्हणे.

रात्री वालकिणीत अंगणात खाट टाकली होती. उकाडा, आणि कुंपणापलीकडे काजवे. मी गोंयकाराला म्हटलं, नवीन लाव. कुठलं, असं त्याने विचारलं नाही. २०२३ चा 'तू है' लावला, पहिल्यापासून. लहानशा स्पीकरवर, आवाज बेताचा, आई आत झोपल्या होत्या.

राहुलचा बेस पहिल्या काही क्षणांत ओळखला, तो कुठेही ओळखेन. अमितचा हातही. हिमांशूचा गळा वेगळा आहे, उंच आणि मोकळा. असीमच्या आवाजात जी माती होती ती शोधत माझे कान पहिली दोन गाणी नुसते फिरत होते. गिटार सुश्मितची नाही. तुहिनच्या तबल्याकडे मी तिसऱ्या गाण्यात लक्ष दिलं, आणि मग तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. मला असीमची आठवण येत होती, सबंध वेळ येत होती, आणि मी ऐकत होते. दोन्ही एकदम चाललं होतं. पूर्ण अल्बम ऐकला. गोंयकार मध्ये एक शब्दही बोलला नाही. शेवटचं गाणं संपल्यावर म्हणाला, "'तंदनु' उद्या बसमध्ये ऐक. पाठवतो." आणि अकरा वर्षांनी त्याच्याकडून मला गाणी आली.

दिवस पाचवा, सोमवार

सकाळी लवकर निघायचं होतं. वहिनीने कोकमं बांधून दिली, आईंनी तुळशीचं बी कागदाच्या पुडीत.

टेपरेकॉर्डरजवळ आईंच्या कॅसेटींचा डबा उघडा होता. अभंग, आरत्या, नाट्यगीतं. प्रत्येकीच्या कडेला कागदाची पट्टी डकवलेली, त्यावर त्यांचं तिरपं अक्षर. आमची कॅसेट त्यांतच उभी लावली होती. निळ्या पेनातलं गावाचं नाव आत तसंच, आणि बाहेर नवी पट्टी, अजून खळीने ओली: 'न्हंयेचें गीत'.

गोंयकार म्हणाला, "माझी कॅसेट होती गो ती." आई म्हणाल्या, "आतां म्हजी."

सांग्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत पूर्वेकडे, साळावलीच्या बाजूला, आभाळ भरून आलं होतं.